वीस बाजूंचा फासा

माझं नाव 'क'ने सुरू होतं आणि 'क' माझ्या तोंडून निघेलच याची खात्री नसते. निघतो तेव्हा निघतो. नाही निघत तेव्हा घसा आतून कुणीतरी मुठीत धरल्यासारखा होतो, तोंड उघडंच राहतं. समोरचा माणूस आधी वाट बघतो, मग घड्याळ बघतो, मग स्वतःच मला नावं सुचवायला लागतो. त्यामुळे कॉफीच्या दुकानात कपावर लिहायला नाव विचारलं की मी 'अमित' असतो. कुरियरवाल्यासाठी 'आदित्य'. एकदा एका लग्नात मी अख्खी संध्याकाळ 'ओंकार' होतो. ओंकारला दोन काकांनी पॅकेज विचारलं, ओंकारने हसून टोलवलं. मला ते जमलं नसतं.

रोलप्लेइंग गेम्सबद्दल लिहिण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची माझी सगळी मतं या जिभेतून आलेली आहेत. ज्यांना बोलणं आयतं मिळालंय त्यांना ऑनलाइन काय आणि टेबलावर काय, दोन्हीकडे वेगळं काही सापडेल.

आणि रोलप्लेइंग म्हणजे मी लेव्हल वाढवण्याबद्दल बोलत नाहीये. फोनवरच्या निम्म्या गेम्सना 'आरपीजी' म्हणतात. त्यात तलवार मोठी होत जाते, आकडे वाढत जातात, बास. मी बोलतोय ते दुसरं कुणीतरी होऊन, त्याच्या तोंडून बोलण्याबद्दल, आणि त्या बोलण्याने समोर काहीतरी बदलण्याबद्दल. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. ती कळायला मला जवळपास दहा वर्षं लागली.

मी कुडाळकडचा. आमच्याकडे जत्रा म्हटली की दशावतार, आणि दशावतारात लिहिलेली संहिता नसते. बाहेरच्या लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. तोंडाला रंग लावता लावता ठरतं, आज कुठलं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी. मग पेटी, मृदंग, झांज सुरू होते आणि माणसं बाहेर येऊन पहाटेपर्यंत जे बोलतात ते तिथल्या तिथे सुचलेलं असतं. समोरच्याने नवीनच मुद्दा काढला तर त्याला पुराणातला दाखला देऊन उत्तर द्यायचं. दोन राजांचा वाद कधीकधी अर्धा तास चालतो आणि प्रेक्षक तो क्रिकेटसारखा बघतात.

आमच्या वाडीत एक काका होते. बाजारात माशांचा दर विचारताना त्यांची तत पप व्हायची, पोरं नक्कल करायची. रात्री तेच राक्षस व्हायचे आणि एकही शब्द अडायचा नाही. पुढे वाचनात आलं की बऱ्याच तोतऱ्या माणसांचं असं होतं: गाताना जीभ सुटते, कोरसमध्ये बोलताना सुटते, काहींची वेगळा आवाज काढला की सुटते. पण दहाव्या वर्षी मी एवढंच ताडलं होतं की सोंग घेतलं की बोलता येतं. काकांना एकदा विचारलंही. ते म्हणाले, "रे झिला, तो मी नाय बोलत, राक्षस बोलता."

*

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेलो तेव्हा जिओ यायचं होतं. एक जीबी डेटा महिनाभर पुरवायचा. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, चार इंची स्क्रीनचा फोन होता. त्यावर जे खेळता येईल ते शोधता शोधता मी 'मड'पर्यंत पोचलो.

मड म्हणजे मल्टी-युजर डंजन. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. पहिलं मड १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने सुरू केलं आणि रिचर्ड बार्टलने पुढे नेलं. आजच्या सगळ्या ऑनलाइन जगांचे ते पणजोबा. तुम्ही 'उत्तरेला जा' टाइप करता, स्क्रीनवर चार ओळी येतात: चौक आहे, धूळ आहे, एक म्हातारा भिंतीला टेकून बसलाय. तो म्हातारा म्हणजे दुसरा खेळाडू, कदाचित ओहायोमध्ये बसलेला. बार्टलने १९९६ मध्ये एक गाजलेला निबंध लिहून मडच्या खेळाडूंचे चार प्रकार केले: काही मिळवायला आलेले, शोधायला आलेले, माणसांसाठी आलेले आणि दुसऱ्यांना त्रास द्यायला आलेले. मी स्वतःला त्यात बसवायचा प्रयत्न केला. मी बोलायला आलो होतो. ओढूनताणून तिसऱ्या प्रकारात बसलो असतो.

मी ज्या मडवर होतो तिथे रोलप्ले सक्तीचा होता. पात्राचं वर्णन आणि पूर्वायुष्य लिहून पाठवायचं, चालवणारे ते वाचून मंजूर करणार. पात्र मेलं की मेलं, परत येणं नाही. माझं पात्र वाळवंटी गावात पखालीतून पाणी विकायचं. त्याला मी बडबड्या केला. इतका बडबड्या की गिऱ्हाईक पाणी न घेता जायचं. पहाटे साडेपाचला उठून मी खेळायचो, कारण अमेरिकेत तेव्हा संध्याकाळ असते. अंथरुणात पांघरुणाखाली दोन अंगठ्यांनी टाइप करत मी अशा गप्पा मारल्या ज्या मी आयुष्यात कुणाशी मारल्या नव्हत्या. एका सैनिकाने मला त्याच्या मेलेल्या भावाबद्दल सांगितलं, चाळीस मिनिटं. मी मध्ये मध्ये पाणी ओतत होतो. 'पेला भरतो आणि काही बोलत नाही', असं टाइप करून. गप्प बसणं हा माझा निर्णय असण्याची ती पहिलीच वेळ.

त्या मडवर मी कधीच अडखळलो नाही. पण तिथे मी मराठीतही नव्हतो. पाणीवाल्याची सगळी चुरचुरीत वाक्यं इंग्रजीत होती, डिक्शनरी उघडी ठेवून रचलेली. आईच्या फोनला मात्र 'हं', 'हो', 'जेवलो'. तीन महिन्यांनी एकदा बाजारात मारामारी सुरू असताना हॉस्टेलचं वायफाय गेलं. पात्र तिथेच दगडासारखं उभं राहिलं. परत जोडला गेलो तेव्हा त्याच्या मरणाच्या दोन ओळी वाट बघत होत्या. मी चालवणाऱ्यांना मेल लिहिली, त्यांचं सभ्य उत्तर आलं: नेटवर्कचे मृत्यू आम्ही उलटवत नाही. पहिल्या तासाला थर्मोडायनॅमिक्स होतं. मी जाऊन बसलो.

*

नोकरी लागल्यावर लॅपटॉप आला आणि मी मोठ्या जगांत फिरून आलो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ पासून चालू आहे, विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतं. त्याच्या युरोपातल्या सर्व्हरांमध्ये आर्जेंट डॉन नावाचा एक रोलप्लेसाठी राखलेला आहे. तिथली एक गंमत सांगतो. त्या गेममध्ये सगळे सतत धावत असतात. रोलप्ले करणारे मात्र एक बटण दाबून चालतात. शहराच्या चौकात शंभर जण धावतायत आणि एक जण सावकाश चालतोय, तर तो आपला. मला हे फार आवडलं. त्यांच्याशी बोलायलाही मजा यायची.

पण शहराबाहेर जंगलात हॉगर नावाचा एक दांडगा प्राणी आहे. त्याने गावकऱ्यांना छळलंय, त्याला मारा, असं काम मिळतं. आम्ही पाच जणांनी मोठं नाट्य करून, शपथा वगैरे घेऊन त्याला मारला. थोड्या वेळाने हॉगर परत तिथेच उभा, आणि दुसरे पाच जण रांगेत. आमच्या शपथांचं काय झालं? काहीच नाही. त्या जगाला आकडे कळतात, बोलणं कळत नाही. तुम्ही राजासमोर गुडघे टेकून रडलात तरी राजाचं वाक्य तेच.

कधीमधी अपघात होतो. १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइनची चाचणी चालू असताना गेमचा निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' हा राजा बनून प्रजेसमोर आला होता. राजा मरू शकत नाही अशी समजूत होती, पण सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर त्याचं ते संरक्षण चालू करायचं राहिलं होतं. गर्दीतल्या एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला. इतक्या वर्षांनंतरही लोक ती गोष्ट सांगतात, कारण त्या दिवशी त्या जगात खरोखर काहीतरी घडलं. घडायला मात्र एक बग लागला.

२०२३ मध्ये बाल्डर्स गेट थ्री आला, तोही मी मन लावून खेळलो. लिखाण उत्तम, आवाज उत्तम. समोरच्याने प्रश्न विचारला की खाली चार-पाच उत्तरं येतात, एक निवडायचं. तोतऱ्या माणसासाठी स्वर्गच म्हणा ना, वाक्य तयार आहे, नुसतं क्लिक करा. पण मला जे म्हणायचं असायचं ते बहुतेक वेळा यादीत नसायचं. तयार वाक्यं सुचवणारे लोक माझ्या आयुष्यात आधीच पुष्कळ आहेत.

*

मधल्या लॉकडाऊनच्या काळाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. जीटीए फाइव्हवर रोलप्लेची लाट तेव्हा जोरात होती. फाइव्हएम नावाच्या सॉफ्टवेअरने लोक स्वतःचे सर्व्हर चालवतात (२०२३ मध्ये मूळ गेमच्या कंपनीने ते बनवणाऱ्यांनाच विकत घेतलं). नोपिक्सेल हा त्यातला जगभर गाजलेला सर्व्हर, आणि त्याच धर्तीवर हिंदीतही सर्व्हर निघाले, यूट्यूबवर रात्री-रात्री स्ट्रीम चालायचे. कुणी पोलीस, कुणी मेकॅनिक, कुणी गँगवाला. इथे टायपिंग नाही, माइक. आणि जवळ उभ्या असलेल्यालाच तुमचा आवाज ऐकू जातो.

नियम बघून मी भारावलो होतो. उगाच कुणाला मारलं तर आरडीएम, गाडी अंगावर घातली तर व्हीडीएम. स्ट्रीमवर बघितलेली माहिती पात्राला असल्यासारखी वापरली तर मेटागेमिंग. मरून परत आलात तर आधीचं काही आठवत नाही असं धरायचं. आणि सगळ्यात सुंदर नियम, फिअर आरपी: तुमच्यावर कुणी बंदूक रोखली तर तुम्हाला भीती वाटली पाहिजे. बंदूक खोटी, जीव खोटा, भीती मात्र प्रामाणिकपणे करायची. दशावतारातल्या कुणालाही हा नियम समजावून सांगावा लागला नसता.

मी अँब्युलन्सवर होतो. प्रवेशासाठी व्हॉइसवर मुलाखत झाली, कशीबशी निभावली. सुरुवातीचे पंधरा दिवस छान गेले. अँब्युलन्सवाल्याला फार बोलावं लागत नाही, 'हिलो मत', 'हो गया', 'अगली बार हेल्मेट'. ही वाक्यं पाठ होती, त्यामुळे सुटायची.

मग एका रात्री दोघांनी हायवेवर मला अडवलं. बंदूक रोखून विचारलं, "हॉस्पिटल में कौन भर्ती है?" उत्तर 'क'ने सुरू होत होतं. मी अडकलो. खरोखरचा, घरात, खुर्चीत, हेडफोन लावून अडकलो. माइकमध्ये माझा श्वास आणि तुटलेला 'क' जात होता, दहा-बारा सेकंद. त्या दोघांपैकी एक थांबला आणि पात्र सोडून म्हणाला, "भाई, क्या अ‍ॅक्टिंग है! असली डर लग रहा है." दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या. त्यातला एक स्ट्रीम करत होता. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं की आजपर्यंतचा बेस्ट फिअर आरपी.

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अडखळण्याला दाद मिळाली होती. झोपायला गेलो तेव्हा मी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याची क्लिप फिरली. तिसऱ्या दिवसापासून मी कुठेही अँब्युलन्स घेऊन पोचलो की जखमी माणूस जमिनीवर पडल्या पडल्या 'क-क-क' करायचा. पोलीस करायचे. मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये कुणीतरी गाडीचा हॉर्न त्या तालावर वाजवला. कुणाच्याच मनात फार वाईट नव्हतं, त्यांच्या दृष्टीने तो माझ्या पात्राचा हिट झालेला डायलॉग होता. तिथे बहुतेकजण एकमेकांशी बोलतच नव्हते, बघणाऱ्यांशी बोलत होते. प्रत्येक प्रसंग क्लिप होण्याच्या लायकीचा आहे का हे आधी जोखलं जायचं. मी तक्रार केली असती तर सांगावं लागलं असतं की ते सोंग नव्हतं. मी एक दिवस लॉग-इन केलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही.

*

टेबलावर खेळायला मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने नेलं. कर्वेनगरात तिच्या मोठ्या बहिणीचा फ्लॅट, रविवारची दुपार. बहीण शाळेत गणित शिकवते, आणि तीच आमची डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारी. सगळे तिला ताई म्हणतात. शिवाय एक एमआर, डॉक्टरांना औषधांच्या फाइली दाखवत फिरणारा, आणि त्याची बायको. असे पाच जण.

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसनने प्रसिद्ध केलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, स्ट्रेंजर थिंग्जमुळे तर आता जास्तच. पण त्याच्या आधीची एक गोष्ट मला जास्त आवडते. १९६९ च्या सुमारास मिनेसोटात डेव्हिड वेझली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला, ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावातला. सैन्याच्या तुकड्या हलवायच्या सोडून त्याने गावातल्या एकेका माणसाची भूमिका एकेका खेळाडूला दिली. झालं असं की खेळाडू टेबल सोडून कोपऱ्यात जाऊन आपसांत कारस्थानं करायला लागले, दोघांनी तर द्वंद्वयुद्ध ठरवलं, आणि युद्ध राहिलंच बाजूला. वेझलीला वाटलं, प्रयोग फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्या खेळाडूंत आर्नसन होता.

तर ताईने पहिल्या दिवशी खेळच घेतला नाही. नुसत्या गप्पा. याला सेशन झीरो म्हणतात: कसली गोष्ट हवीय, किती मारामारी, आणि कुठल्या गोष्टी टेबलावर अजिबात नकोत. तिने चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता लिहायला सांगितलं. कुणी लिहिलं होतं, लहान मुलांना काही होऊ देऊ नका. कुणी लिहिलं होतं, झुरळं नकोत. मी लिहिलं, 'माझी वाक्यं पूर्ण करू नका.' नाव नसलं तरी ती चिठ्ठी कुणाची हे सगळ्यांना कळलं असणार. ताईने बाकीच्यांसारखीच ती वाचली आणि घडी करून डब्यात टाकली.

खेळ इंग्रजीत सुरू झाला, नियम इंग्रजीत असल्यामुळे. तिसऱ्या रविवारपर्यंत तो आपोआप मराठीत घसरला. टॅव्हर्नची खानावळ झाली आणि तिचा मालक एक ते चार कुणालाच आत घेत नव्हता. गॉब्लिनांच्या बायका एमआरच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावून गेल्या. हळूहळू नकाशाही सरकला: किल्ले आणि बर्फाच्या जागी खाडी, तर, देवराई, गावचा राखणदार. देवचार कसा असतो, वेताळाला काय लागतं, हे ताई मलाच विचारायची. एल्फ मात्र एल्फच राहिले. त्यांना यक्ष म्हणून बघितलं, जमलं नाही.

मी बार्ड घेतला. गाणारा, बोलून काम काढणारा. यावर रोलप्लेवाल्यांत एक जुना वाद आहे तो इथे आलाच. या खेळात लढायला फासा टाकतात, कुलूप उघडायला टाकतात. तलवार चालवता येत नसली म्हणून तुम्हाला योद्धा व्हायला कुणी अडवत नाही. मग बोलून पटवण्याचं काय? काही जण म्हणतात, नुसता फासा टाक, पात्राची आकडेवारी बघू. काही म्हणतात, नाही, तू खरंच बोलून दाखव, मग ठरवू. दुसऱ्या पद्धतीत आमचा एमआर जिंकतो. त्याचा बार्बेरियन करिश्मा आठ असलेला अडाणी माणूस होता, वजा एक. पण एमआर तोंड उघडायचा आणि दरवान दार उघडायचे. पहिल्या पद्धतीत मी जिंकतो, करिश्मा सोळा, पटवण्यासाठी अधिक पाच. पण मग मी बोलतच नाही. 'माझा बार्ड त्याला पटवतो', संपलं. बाल्डर्स गेटच होतं ते.

ताईने ठरवलं की आधी बोलायचं. तिला मुद्दा ऐकायचा आहे, वक्तृत्व नाही. मुद्दा कसा आहे यावरून ती मनातल्या मनात आकडा ठरवणार. मग फासा. माझ्या मते आजवर ऐकलेली ही सगळ्यात न्याय्य पद्धत आहे, आणि ती एका गणिताच्या बाईंना सुचावी यात नवल नाही.

सहाव्या की सातव्या रविवारी असं झालं. वरच्या अंगाला बंधारा फुटणार होता आणि खालच्या गावाला रात्रीतच खाडीपलीकडे न्यायचं होतं. होडी एकच, तरवाल्याची. तो अनोळखी लोकांसाठी रात्री होडी काढत नव्हता. बाकीचे गाव उठवायला गेले होते, तरवाल्यापाशी मी एकटा. ताईने विडी ओढण्याचा हातवारा केला आणि त्याच्या आवाजात विचारलं, "काय काम?"

मी बोललो. दोन-अडीच मिनिटं तरी बोललो असेन. कदाचित पाच वाक्यं होती. 'कशाला' वर अडकलो, 'पाणी' वर अडकलो, 'पोरं' वर फार वाईट अडकलो. पंख्याचा आवाज येत होता. एमआर, ज्याला दोन सेकंदांची शांतता सहन होत नाही, तो स्वतःच्या गुडघ्याकडे बघत बसला होता. कुणी काही सुचवलं नाही. मी मुद्दा संपवला: तुझी होडी बुडाली तर माझा आवाज घे, तो विकून नवीन होडी येईल. बार्डसाठी आवाज म्हणजे सगळं. मला स्वतःलाच तो मुद्दा आवडला होता.

"चांगलं आहे," ताई म्हणाली, स्वतःच्या आवाजात. "पंधरा लागतील. टाक."

मी वीस बाजूंचा फासा टाकला. चार. अधिक पाच, नऊ.

मला वाटलं ती सोडून देईल. आयुष्यभर सोडून दिलंय लोकांनी. वर्गात माझी वाचायची वेळ आली की बाई पुढच्या मुलाला उठवायच्या, तोंडी परीक्षेत पहिल्या उत्तरानंतरच 'ठीक आहे, जा'. ताईने फाशाकडे बघितलं, परत विडी ओढली, आणि म्हणाली, "तो तुझं सगळं ऐकून घेतो. मग दिवा मालवतो आणि झोपडीचं दार लावतो."

अर्धं गाव वाहून गेलं.

घरी जाताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मी बाइकवर मोठ्याने हसत होतो. नकार मला पुष्कळ मिळालेत, पण ते सगळे जिभेमुळे मिळालेत. हा फाशामुळे मिळाला होता. मी बोललो, माझं बोलणं पूर्ण ऐकलं गेलं, ते चांगलं होतं, आणि तरीही नशीब फिरलं. राजामहाराजांना मिळतो तसला, नीट, पूर्ण मापाचा नकार. आणि त्या जगाने तो लक्षात ठेवला. तीन महिन्यांनी आम्ही त्याच खाडीवर आलो तेव्हा तरवाल्याची मुलगी होडी चालवत होती. तिने माझ्याकडे बघून वल्हं आडवं धरलं. हॉगर परत उभा राहतो. तरवाला परत आला नाही.

सध्या कुणी म्हणेल की एआयशी खेळ, तो कधीही मोकळा असतो, मराठीतही बोलतो. एआय डंजन २०१९ मध्ये आलं तेव्हापासून मी ते प्रकार बघतोय. मजा येते. पण त्या पडद्यावर मी तरवाल्याला 'चल' म्हटलं की तो बहुतेक वेळा चलतोच. नाही म्हणाला तर मी वाक्य पुसून दुसरं लिहितो.

*

टेबलाची रड मात्र सगळ्यांना माहीत असलेलीच आहे: माणसं. चौदा महिन्यांत आमचे तेवीस रविवार झाले. दहावीचे पेपर, एमआरची टार्गेटं, कुणाचा साखरपुडा. एमआरची बदली नागपूरला झाली, सोबत बायकोही गेली, आणि पाचातले दोन कमी झाले. नवीन माणसं आणून बघितली. एकाने सेशन झीरोला फोनवर रील्स बघितल्या. दुसरा चांगला होता, पण तो माझी वाक्यं पूर्ण करायचा, प्रेमाने.

म्हणून आता आम्ही डिस्कॉर्डवर खेळतो, नकाशे रोल ट्वेंटीवर. म्हणजे फिरून ऑनलाइन. तिथे एक नवीन भानगड कळली. टेबलावर मी अडकलो की लोकांना माझा चेहरा दिसतो, मी प्रयत्न करतोय हे दिसतं. कॉलवर नुसती शांतता जाते, त्यात ते आवाज गाळणारं सेटिंग माझा अर्धामुर्धा 'क' पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं. मग पलीकडून, "हॅलो? गेला का रे? आवाज येतोय का?" माझं तोतरेपण तिथे नेटवर्कचा प्रॉब्लेम असतं. ते सेटिंग मी बंद केलंय, आता त्यांना माझा पंखाही ऐकू येतो. कॅमेरा सगळ्यांनी चालू ठेवायचा हा नियम एमआरने स्वतःहून आणला. तो स्वतः बऱ्याचदा डॉक्टरच्या क्लिनिकबाहेर गाडीत बसून खेळतो, टाय सैल करून.

आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पात्रं एकमेकांना पत्रं लिहितात. ही कल्पना माझी. पाणीवाला गेल्यापासून मी पात्राच्या तोंडून असं लांबलचक लिहिलं नव्हतं, आणि मराठीत तर कधीच नाही. बार्ड तरवाल्याच्या मुलीला लिहितो. आतापर्यंत चार पत्रं झाली. ती, म्हणजे ताई, पहिल्या तिन्हीला एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाली. चौथ्याला तिने लिहिलं, 'होडी देणार नाही. पण दोर बांधून तुमचे तुम्ही उतरणार असाल तर अडवणार नाही.'

तेव्हापासून ग्रुपवर वाद पेटलाय. आमच्याकडे पन्नास फूट दोर आहे. एमआरचं म्हणणं, बार्बेरियन एक टोक कमरेला बांधून पोहत जाईल. त्याची बायको म्हणते, ओहोटी कधी आहे ते आधी विचार. मी आज सकाळी ताईला विचारलं की तिथे पात्र नक्की किती रुंद आहे. दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही.